मेथीगंजच्या माननीय सदस्या

चिनहट, लखनौ
१८ नोव्हेंबर २०२४

विभाताई, जयभीम.

फोन करून उपयोग नाही. तुमच्या कानातल्या मशीनला माझा आवाज आवडत नाही. मागच्या वेळी मी अभयचं सांगत होते आणि तुम्ही मला कढी फुटू नये म्हणून काय करायचं ते सांगत बसल्या. म्हणून हे पत्र. पोस्टातला भैया म्हणाला, "अम्मा, आजकल चिट्ठी कौन लिखता है?" मी म्हटलं, "जिसकी ननद ऊँचा सुनती है." अख्खी लाइन हसली. रागवू नका. हसायला मला आता तुम्हीच उरल्या.

अभय खोलीतच आहे. साहेब व्हायची सरकारी परीक्षा दिली, मुलाखतीत पडला, त्यानंतर पुन्हा फॉर्म भरला नाही, दाढी केली नाही, गेटच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. तुमचे भाऊ होते तेव्हा निदान त्यांना घाबरून जेवायला बाहेर यायचा. आता ते फोटोत. फोटोला कोण घाबरतं? मी ताट दाराशी ठेवते, तो आत ओढून घेतो. मी इकडून मराठीत रामायणभर बोलते, तिकडून हिंदीत एक "हूँ" येतो. कधी तोही नाही. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत बोलेल अशी आशा तरी नसते.

पण एक गंमत कळली. परवा तो अंघोळीला गेला आणि मी झाडू घेऊन आत घुसले. कॉम्प्युटर चालू होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "सभापति देवानंद जी, मुझे बोलने का समय दिया जाए." मी झाडू टाकून पुन्हा वाचलं. तुमचा भाऊ! जन्मभर रेल्वेच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट दिले, साहेबासमोर तोंड उघडलं नाही, आणि मेल्यावर सभापती?

मग माझ्या फोनवर शोधलं. इंटरनेटवर एक खोटाखोटा देश आहे, मानसपुर गणराज्य. कुठली कुठली पोरं मिळून तो चालवतात. पक्ष आहेत, निवडणूक आहे, विधानसभा आहे. रस्ते नाहीत पण रस्त्यांचा कायदा आहे. नळ नाहीत पण नळावरून भांडण आहे. आणि त्या विधानसभेचा सभापती आपला अभय, बापाच्या नावानं. सगळे त्याला जी-जी करतात. आणि तो किती बोलतो हो तिथं! पानंच्या पानं.

तिथं एक नियम वाचला. सदस्यानं प्रश्न विचारला तर सभापतीला उत्तर द्यावंच लागतं. टाळता येत नाही.

मी अर्ज करणार आहे.

तुमची बेबी


हिंगणघाट
२७ नोव्हेंबर २०२४

बेबी, जयभीम.

ऊँचा सुनती है म्हणे. मशीन चांगली आहे, तूच तोंडात पान असल्यासारखी बोलतेस.

अर्ज-बिर्ज काही करू नको. मी बालवाडीत जन्म काढला. एखादं पोरगं रुसून टेबलाखाली जाऊन बसलं की आपण वाकून बघायचं नसतं. वाकलं की ते आणखी आत सरकतं. तो बसलाय तिथं बसू दे. त्याला कोणा डॉक्टरला दाखव, हे मी मागंही सांगितलं. तू म्हणशील, येतो कुठं. ते खरंच आहे.

देवानंदचं नाव लावलं त्यानं, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारीण म्हणाली, काहून रडून राहिल्या? मी म्हटलं कांदा.

तो तसा बरा असेल, मला वाटतं. तू फार काळजी करू नको.

आणि केलाच अर्ज, तर नाव काय लावणार आहेस?

विभा


चिनहट, लखनौ
९ डिसेंबर २०२४

ताई, जयभीम.

केला. आता रागवून घ्या.

अर्ज म्हणजे मुलगी दाखवायचा कार्यक्रम. आधी आपल्या प्रांताचं नाव सांगा. मी लिहिलं मेथीगंज. सदस्याचं नाव लीलावती. राणी वाटते की नाही? वय विचारलं नाही, शहाणी पोरं दिसतात. राजकारणाचा अनुभव? लिहिलं, एकत्र कुटुंबात संसार केला, सासू सत्तेत, नणंद विरोधी पक्षात, मी अपक्ष. विधानसभेत का यायचं? इथं जरा अडले. मग लिहिलं, जिथं विचारलं की उत्तर मिळतं अशी जागा शोधते आहे. फोनसमोर हिंदीत बोललं की आपोआप लिहून येतं, नाहीतर माझ्या सातवीच्या अक्षरावर तिथंच नापास झाले असते.

शेवटी चौकोनांत खुणा करायच्या होत्या. संविधान मानाल? हो, त्यांचंही आणि आपलंही. शिव्या देणार नाही? प्रयत्न करीन. तुमच्या घरातून, तुमच्या इंटरनेटवरून दुसरा कोणी सदस्य नाही ना? तिथंही खूण केली. खोटं बोलतेय असं वाटलं नाही, ताई. तो या घरात राहतो असं म्हणणंच आजकाल खोटं वाटतं.

मग ऋषभ म्हणून त्यांचा सचिव आहे, इंदूरचा, सगळ्यांचे अर्ज तोच तपासतो. त्यानं विचारलं, मेथीगंजची मुख्य समस्या काय? मी म्हटलं, निवडायला कोणी बसत नाही. पास केलं त्यानं. शपथ द्यायला खुद्द सभापती आले. "माननीय सदस्या लीलावती जी, सदन में आपका स्वागत है." मी स्वयंपाकघरात, तो खोलीत, मधे एक भिंत. तिकडून टकटक ऐकू यायची आणि इकडं माझ्या फोनवर अक्षरं उमटायची. तव्यावरची पोळी जळून काळी झाली, उलटायचं सुचलंच नाही.

पहिला प्रश्न मी विचारला, थंडीत सरकारनं निमोना सक्तीचा करावा का? निमोना म्हणजे इकडची हिरव्या मटारची आमटी, तुम्हाला एकदा खाऊ घातली होती, तुम्ही नाक मुरडलं होतं. त्यानं केवढं लांब उत्तर दिलं! कलमं सांगितली, जनतेचे हक्क सांगितले आणि खाली लिहिलं, "सभापति व्यक्तिगत रूप से निमोना के पक्ष में हैं." मी त्याच दिवशी केला. ताट चाटून पुसून परत आलं.

अपक्ष आमदार,
बेबी


हिंगणघाट
१८ डिसेंबर २०२४

बेबी, जयभीम.

विरोधी पक्ष म्हणालीस ते लक्षात ठेवलंय. भेटशील तेव्हा हिशेब करू.

नाही म्हटलं होतं मी, पण आता गेलीच आहेस तर मटारचं काय विचारतेस? कामाचं विचार. घरी कोण कोण असतं, विचार. बघू तुझं नाव घेतो का. पोरगं तोंडानं बोलत नसलं तरी लिहिताना खरं लिहील.

इकडं थंडी बरी आहे. तुझ्याकडं धुकं असेल. छातीला तेल लावत जा.

विभा


चिनहट, लखनौ
३० डिसेंबर २०२४

ताई, जयभीम.

विचारलं. सगळ्या सदनासमोर विचारलं, सभापतींच्या घरी कोण कोण असतं? उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

"पिताजी नहीं रहे. माताजी महाराष्ट्र में, गाँव में रहती हैं. मैं सरकारी सेवा में हूँ, बख्शी का तालाब में पोस्टिंग है, अकेला रहता हूँ. खाना बनाने वाली आती हैं. बहुत अच्छा बनाती हैं."

बघा. बख्शी का तालाब म्हणजे इथलंच, लखनौजवळचं गाव, तिथं हा साहेब. आणि मला गावी पाठवून दिलं, तिकीटसुद्धा न काढता. तुमच्याकडं पोचले का मी? पोचले असेन तर माझ्या अंथरुणावर ती लाल गोधडी घाला. आणि घरात स्वयंपाकाला बाई लावली. बहुत अच्छा बनाती हैं म्हणे! इतक्या वर्षांत माझ्या भाजीला कोणी चांगलं म्हटलं नाही, तुमचे भाऊ तर मीठ कमी असलं तरच बोलायचे. आता कौतुक झालं तर ते बाईचं झालं.

हसले मी. मग भांडी घासायला बसले तर नळ वाहतच राहिला, बंद करायचं भान नाही.

पण बोलतो हो तो माझ्याशी. लीलावतीशी म्हणजे. रोज काहीतरी विचारते, रोज उत्तर देतो. परवा विचारलं, ज्याला इतके कायदे तोंडपाठ आहेत त्यानं पोरांना शिकवायला काय हरकत आहे? म्हणाला, माननीय सदस्या का सुझाव विचाराधीन है. आणि काल सकाळी गेटवर जाऊन दूध त्यानंच घेतलं. मी पडद्याआडून बघत होते, चोरासारखी.

आता मला भीती वाटते. कोणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हणते, की बाबा, लीलावती म्हणजे मी. येत्या रविवारी सांगू का? तुम्ही सांगाल तसं.

बेबी


हिंगणघाट
६ जानेवारी २०२५

बेबी, जयभीम.

सांगू नको. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे, रविवार गेला असेल आणि तू बोलली नसशील अशी आशा करते.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. अभय मला मेसेज करतो. बहिऱ्या माणसाला तेच सोयीचं. मम्मीला सांगू नको असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. वाईट वाटून घेऊ नको की आत्याशी बोलतो आणि आईशी नाही. तुझ्या डोळ्यांत त्याला ती परीक्षा दिसते. माझ्याकडं बघायचं काम नाही, मी लांब आहे.

मागच्या आठवड्यात त्यानं लिहिलं, "आत्या, वहाँ एक लीलावती जी आई हैं. उटपटांग सवाल पूछती हैं. पर उनसे बात करके लगता है कि मैं फेल नहीं हुआ हूँ." बेबी, मला सगळं माहीत असून मी त्याला नुसता अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार होते?

आणि ऐक. तुमच्याच तिकडं फैजाबाद रोडवर एक क्लास आहे, तिथं पोरांना संविधान शिकवायला माणूस पाहिजे आहे. अभयनं तिथं फोन केला. त्यांनी फेब्रुवारीत ये म्हटलंय. तो दाढी करणार आहे म्हणाला. तुझ्या लीलावतीनं केलं हे.

आता मधेच सांगितलंस की ती तूच होतीस, तर हे सगळं त्याला आईची दया वाटेल. पुन्हा आत जाऊन बसेल. एकदा क्लासला जाऊ दे. चार पोरं सर म्हणू देत. मग सांग, मग दोघं मिळून हसा. माझं ऐक.

विभा


चिनहट, लखनौ
३० जानेवारी २०२५

ताई, जयभीम.

तुमचं ऐकलं. गप्प राहिले. त्यानं दाढी केली होती, शर्टाला इस्त्री केली होती. शर्ट अजून हँगरलाच आहे.

त्या देशातही सव्वीस जानेवारी असते. त्या दिवशी त्यांची निवडणूक असते, आणि निवडणुकीआधी सचिव सगळ्या सदस्यांची तपासणी करतो, कोण कुठल्या इंटरनेटवरून येतो ते. ऋषभनं केली. सभापती देवानंद आणि सदस्या लीलावती एकाच घरातून, एकाच तारेवरून. त्यानं सदनात लिहिलं की सभापतींनी स्वतःच एक खोटी बाई तयार केली, तिच्याकडून स्वतःला सोपे प्रश्न विचारून घेतले आणि स्वतःच उत्तरं देऊन वाहवा मिळवली. आणि मत एकाच्या जागी दोन. घरी अकेला रहता हूँ असं त्यानं माझ्याच प्रश्नाला लिहून दिलेलं होतं, ते वर चिकटवलं. मग दुसरं कोण असणार? त्याच दिवशी खुर्चीवरून काढलं. जी-जी करणारी पोरं काय काय बोलली ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

मी गच्चीत उन्हाला मटार सोलत बसले होते. तो वर आला. इतक्या महिन्यांनी तो उन्हात उभा होता, डोळे बारीक करून. म्हणाला, "लीलावती आप हैं?" आईला आप म्हणाला.

आणि ताई, मी काय केलं सांगू? उठून उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "उपस्थित, माननीय सभापति महोदय." मला वाटलं हसेल. मला खरंच वाटलं की हसेल.

तो म्हणाला, "वो कह रहे हैं, आपको मैंने बनाया है."

मी म्हटलं, "उलट सांग त्यांना. तुला मी बनवलंय."

तेव्हाही नाही हसला. पायरीवर बसला. म्हणाला, "एक ही जगह थी, मम्मी, जहाँ मैं कुछ था." मग सोललेल्या मटारांकडं बघत राहिला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर उठून खाली गेला. कडी लावल्याचा आवाज वरपर्यंत आला.

आता टकटकही नाही. ताट तसंच परत येतं.

बेबी


हिंगणघाट
७ फेब्रुवारी २०२५

बेबी,

माझ्यामुळं झालं. त्या रविवारी तू सांगणार होतीस, मी थांब म्हटलं. मला जास्त कळतं असं मला वाटलं.

मी मेसेज केले, तो बघत नाही.

आता लपवायचं काही राहिलं नाही. तू त्या सदनात जा आणि खरं सांग. मी आई आहे म्हणून सांग. त्याचा दोष नाही म्हणून सांग. पोरंच आहेत ती, आईचं ऐकतील. लगेच कर.

विभा


चिनहट, लखनौ
२० फेब्रुवारी २०२५

ताई, जयभीम.

तुमच्यामुळं काही झालं नाही. विरोधी पक्षाला उगाच मोठेपणा घ्यायची सवय असते.

तुम्ही सांगितलं तसं केलं. लीलावतीला अजून काढलं नव्हतं, चौकशी चालू होती, म्हणून लिहिता येत होतं. मी लिहिलं, मी त्याची आई. खोटी बाई नाही, खरी आहे, चिनहटला राहते, पोरगं माझ्याशी बोलत नव्हतं म्हणून तुमच्यात आले. त्यांनी विश्वास ठेवला नाही. एक म्हणाला, वाह, अब माँ भी बना ली. दुसरा म्हणाला, माँ तो गाँव में थी ना? शेवटी ऋषभनं अट घातली, दोघांनी एकाच वेळी फोनवर येऊन सगळ्यांसमोर बोलून दाखवावं, मग मानू.

मी दारावर थाप मारली. म्हटलं, अभय, एकदाच बोल माझ्यासोबत, तुझी खुर्ची परत देतात. मग आतून म्हणाला, "क्या बोलूँ? कि इकतीस का हूँ, न नौकरी, न पोस्टिंग, माँ के घर में छुपा बैठा हूँ? रहने दीजिए."

मी दाराशी जमिनीवर बसले. त्याचं बरोबर होतं. खरं सांगून खुर्ची मिळाली असती, पण मग त्या खुर्चीवर बसायला साहेब उरला नसता.

मग फोन घेतला आणि पुन्हा बोलले. बोललं की लिहून येतं, तुम्हाला सांगितलंच आहे. म्हटलं, मुझे माफ कीजिए, मैंने झूठ कहा. मैं माँ नहीं हूँ. मैं साहब के यहाँ खाना बनाती हूँ. साहब दफ्तर जाते हैं तब उनका वाई-फाई चलाती थी, और यहाँ आकर बैठ गई. साहब को कुछ मालूम नहीं. साहब बड़े अफसर हैं, माताजी उनकी गाँव में हैं, बहुत भले आदमी हैं, कभी ऊँची आवाज में नहीं बोले.

ताई, लगेच पटलं. कोणी पुरावा मागितला नाही, कोणी फोनवर या म्हटलं नाही. ऋषभनं लिहिलं, शक तो पहले से था, भाषा कम पढ़ी-लिखी की लगती थी. आईवर विश्वास बसेना, बाईवर बसला. सगळ्यांनी सभापतींची माफी मागितली आणि त्यांना खुर्चीवर परत बसवलं.

नियमाप्रमाणं मला काढायचा हुकूम सभापतींच्या सहीनं निघायचा होता. मी स्वयंपाकघरात उभी होते. भिंतीपलीकडं टकटक सुरू झाली, मधेच थांबली. भाजी खाली लागायला आली तोवर थांबलेली होती. मग पुन्हा झाली. माझ्या फोनवर आलं, "मेथीगंज की सदस्या लीलावती की सदस्यता समाप्त की जाती है. सभापति देवानंद." नवऱ्याच्या नावानं काढलं मला. त्यानंतर पान उघडत नाही.

क्लासवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते. पण तो जेवतो. दिवसभर टकटक चालू असते. आत तो पुन्हा साहेब आहे.

आणि एक नवीन झालंय. ताट ठेवलं की आतून आवाज येतो, "धन्यवाद." स्पष्ट, आदबीनं. तुम्ही कधी तुमच्या आईला धन्यवाद म्हटलं? मी माझ्या आईला नाही म्हटलं. आपल्यात जेवण झालं की पोर उठून जातं, जास्तीत जास्त ढेकर देतं. धन्यवाद बाहेरच्या माणसाला म्हणतात.

पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा दाराशी उभी राहिले. वाटलं विचारावं, कोणाला म्हणतोस रे हे? पण विचारलं की उत्तर मिळावं असा हक्क आता मला कुठं आहे. आणि चेष्टेत काही म्हणावं, तर गच्चीवरचं आठवलं.

म्हणून मीसुद्धा आदबीनं म्हटलं, "जी, साहब." आणि भांडी घासायला गेले.

बेबी